नवीन मुख्याध्यापक झालात? पालकांना शाळेची खबरबात कशी कळवायची ते पहिल्यापासून सांगते

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलं की पहिल्याच महिन्यात एक काम समोर येतं जे आपल्याला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नसतं, ते म्हणजे सगळ्या पालकांना मिळून एक पत्र लिहायचं, शाळेत काय चाललंय, पुढे काय आहे, काय बदललंय. शिकवता येतं, मस्टर सांभाळता येतं, पालकसभेत उभं राहून बोलताही येतं, पण लिहायला बसलं की हात आपोआप परिपत्रकाच्या भाषेकडे वळतो आणि मग ते पत्र लोक उघडतात, दोन ओळी बघतात आणि बंद करतात. म्हणून जे नवीन आहेत त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितेय. शाळा लहान असो मोठी असो, काम तेच आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. प्राथमिकच्या वयाचं मूल घरी गेलं की घरचे विचारतात, आज शाळेत काय केलं, आणि उत्तर येतं "काही नाही". मूल काही लपवत नसतं, सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. आपल्या पत्राचं काम एवढंच, की पालकाच्या हातात एक नेमका प्रश्न द्यायचा, जो विचारला की मूल बोलायला लागेल. तारखा, सूचना, नियम हे सगळं लागतंच, पण ज्या पत्राने घरात बोलणं सुरू झालं ते पत्र पुढच्या वेळी आपोआप उघडलं जातं आणि मग तुमच्या तारखाही वाचल्या जातात. हा क्रम उलटा चालत नाही.

पायरी १ : दिवस ठरवा आणि तो मोडू नका

महिन्यातून एकदा की दर पंधरा दिवसांनी, ते तुमच्या वेळेवर ठरवा. दर आठवड्याला लिहीन असं सुरुवातीच्या उत्साहात जाहीर करू नका, परीक्षा आल्या की ते बंद पडतं आणि मग पालकांना वाटतं काहीतरी बिनसलंय. महिन्याला एक आणि ते ठरलेल्या दिवशी, एवढं पुरे.

शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस घ्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पत्र गेलं आणि त्यात एखादी काळजीची बातमी असली तर पालकांना विचारायला शाळेत कोणीच नसतं, मग ते एकमेकांना विचारत बसतात आणि सुट्टी संपेपर्यंत बातमीचं काहीच्या काही झालेलं असतं. मधल्या वारी पाठवलं की दुसऱ्या दिवशी फोन उचलायला तुम्ही हजर असता.

पायरी २ : महिनाभर वेचत राहा, शेवटच्या दिवशी आठवत बसू नका

पत्र चांगलं होतं की नाही हे लिहिण्याआधीच ठरलेलं असतं. एक छोटी वही ठेवा, किंवा मोबाईलमधे नोट, आणि दिवसभरात वर्गांवरून फेरी मारताना जे डोळ्यांना दिसलं ते एका ओळीत टिपा. फक्त दिसलेलं. "मुलं आनंदाने शिकत होती" हे दिसलेलं नाही, तो आपण काढलेला अर्थ आहे. "तिसरीतली मुलं खिडकीतल्या रोपाची उंची रोज पट्टीने मोजून फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात" हे दिसलेलं आहे.

शिक्षकांकडूनही असंच घ्या. त्यांना "महिन्याचा अहवाल द्या" म्हटलं की ते बिचारे आधीच्या कामात अजून एक काम आलं म्हणून जुना मजकूर उचलून देतात. त्याऐवजी स्टाफरूममधे जाता जाता विचारा, बाई या आठवड्यात वर्गात असं काय झालं की मुलं त्यात रमली? त्या सांगतील ते तिथेच टिपून घ्या. एक उदाहरण देते. दुसरीचा वर्ग बाकाची लांबी वितीने मोजत होता. कोणाच्या वितीने नऊ आली, कोणाच्या दहा, बाईंच्या वितीने सात, आणि मुलांचं भांडण सुरू झालं की खरी कोणाची. त्या भांडणातूनच बाई पट्टी आणि सेंटीमीटरवर आल्या. आता हे पत्रात असं लिहायचं:

"दुसरीची मुलं सध्या लांबी मोजायला शिकतायत. वर्गात एकच बाक प्रत्येकाच्या वितीने वेगळा भरला. घरी एखादं टेबल आधी मुलाला वितीने मोजू द्या, मग तुम्ही मोजा आणि विचारा, आपली उत्तरं वेगळी का आली?"

तीन-चार ओळी आहेत, पण पालकाला वर्गात काय चाललंय ते दिसतं, घरी काय विचारायचं ते मिळतं आणि गणिताचा घटकही कळतो. प्रत्येक इयत्तेचं असं एक द्या, प्रत्येक महिन्याला. कुठली इयत्ता सुटली तर त्या इयत्तेचे पालक पत्रात आपलं मूल शोधतात आणि सापडत नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटतं.

पायरी ३ : आधी काय करायचंय ते, मग बाकीचं

पत्राच्या अगदी वर, नमस्कार झाला की लगेच, पालकांनी या महिन्यात काय करायचंय ते लिहा. तारीख, वार, वेळ, काय आणायचं, कोणाला द्यायचं. बरेच जण कामावर, गाडीत, रांगेत उभं राहून वाचतात आणि पहिल्या स्क्रीनपुढे जात नाहीत, त्यामुळे जे चुकलं तर मुलाची अडचण होईल ते पहिल्या स्क्रीनवर पाहिजे.

तारखेबरोबर वार लिहाच आणि तो कॅलेंडर उघडून तपासा. तारीख एक आणि वार दुसरा असं गेलं की अर्धे पालक एका दिवशी येतात आणि अर्धे दुसऱ्या. शाळा लवकर सुटणार असेल तर फक्त "लवकर सुटेल" लिहू नका, किती वाजता सुटेल, गाडी किती वाजता निघेल, आणि ज्यांना त्या वेळी घ्यायला यायला जमणार नाही त्यांच्या मुलांना किती वाजेपर्यंत आणि कोणाजवळ बसवलं जाईल, हे तिन्ही लिहा. नोकरी करणाऱ्या पालकाच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो.

त्यानंतर वर्गातल्या गोष्टी, मग बदल (नवीन शिक्षक, वेळापत्रक, गेट), मग तब्येत आणि हजेरी. सगळं मिळून मोबाईलवर तीन-चार वेळा बोट सरकवून संपेल एवढंच.

पायरी ४ : भाषा, म्हणजे "घेण्यात आला" काढा

"शाळेत वाचन उपक्रम घेण्यात आला. त्यास विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला." या दोन वाक्यांत कोणी, काय, कसं, काहीच कळत नाही. त्याजागी लिहा, "रोज मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं सगळी शाळा वाचते, मुलंही, शिक्षकही आणि ऑफिसमधे मीही. पुस्तक मुलाने स्वतः निवडायचं." बघा किती फरक पडला.

शिक्षणाच्या क्षेत्रातले आपले शब्द, अध्ययन निष्पत्ती, आकारिक मूल्यमापन वगैरे, हे आपण आपसात दिवसभर वापरतो म्हणून सोपे वाटतात. पालकांसाठी ते उलगडून लिहा. "या महिन्यात आम्ही बघणार आहोत की तुमचं मूल अनोळखी गोष्ट वाचून ती स्वतःच्या शब्दांत सांगू शकतं का" असं लिहिलं तर आजीलाही कळतं. आणि आजी-आजोबा हे पत्र वाचतात, बऱ्याच घरांत मुलाला शाळेतून तेच घेऊन येतात, हे विसरू नका.

दुसरं, दम देऊ नका. "वारंवार सूचना देऊनही काही पालक..." हे वाक्य जे नियम पाळतात त्या सगळ्यांना टोचतं आणि ज्यांच्यासाठी लिहिलंय ते वाचतच नाहीत. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांना फोन करा, सगळ्यांच्या पत्रात नको.

पायरी ५ : अवघड बातमी कशी लिहायची

इथे जरा थांबून नीट सांगते कारण नवीन माणसाची खरी कसोटी इथेच लागते. मैदानावर मूल पडून हाताला प्लॅस्टर आलं, वर्गात कांजिण्या निघाल्या, सगळ्यांच्या आवडत्या बाई सोडून चालल्या, गेटवर काही प्रकार झाला. अशा वेळी पत्र हे शेवटचं काम आहे. क्रम असा: आधी ज्या मुलाचं आहे त्याच्या घरी फोन, मग शाळेतल्या सगळ्या स्टाफला, म्हणजे मावशी आणि गाडीवाले काका धरून (पालक पहिले त्यांनाच विचारतात), आणि मग सगळ्या पालकांना. हा क्रम त्याच दिवशी पूर्ण झाला पाहिजे. आपण गप्प बसलो तर ती जागा ऐकीव माहितीने भरते.

लिहिताना चार गोष्टी द्या: काय झालं, मूल आता कसं आहे, आम्ही काय केलं, तुम्ही काय करायचं. मुलाचं नाव नाही, वर्गही शक्य असेल तर नाही, आणि ते मूल ओळखू येईल असा कुठलाही तपशील नाही. दोष कोणाचा ते तर अजिबात नाही. चौकशी चालू असेल तर तसं सरळ लिहा आणि पुन्हा कधी कळवणार तो दिवस द्या, आणि त्या दिवशी कळवा, भले सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.

उवांचं उदाहरण घेऊ, कारण प्राथमिकमधे हा विषय येतोच आणि त्यात लाजेचा भाग फार असतो. "स्वच्छता पाळा" असं लिहून पाठवलं की ज्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या तिच्या आईला सगळ्यांसमोर बोलल्यासारखं होतं, आणि ते खरंही नाही. उवा स्वच्छ केसांतही होतात, त्या उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की सरपटत जातात, आणि लहान मुलं तर डोक्याला डोकं लावूनच खेळतात. मग पत्र असं:

"पहिली-दुसरीच्या काही मुलांच्या डोक्यात उवा दिसल्या आहेत. या वयात हे कुठल्याही शाळेत होतं आणि त्याचा घरच्या स्वच्छतेशी संबंध नाही. आज रात्री केस ओले करून बारीक दातांच्या फणीने कानामागे आणि मानेजवळ बघा. उवा सापडल्या तर डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारून उपाय सुरू करा आणि उद्या मुलाला शाळेत पाठवा. लिखांतून उवा बाहेर यायला साधारण आठ-नऊ दिवस लागतात, म्हणून आठवड्याभराने पुन्हा तपासा. वर्गात कोणाचंही नाव घेतलं जाणार नाही."

कांजिण्यांचंही असंच, पण तिथे नियम वेगळा आहे: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी, आणि घरात कोणी गरोदर असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांनी डॉक्टरांशी बोलावं ही ओळ हवीच. पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरू शकतो, त्यामुळे "आधी का नाही कळवलं" असा प्रश्न येणार, त्याचं उत्तर पत्रातच देऊन टाका.

बाई सोडून जाणार असतील तर पत्र जायच्या आधी त्यांना स्वतःच्या वर्गाला सांगू द्या. मुलांना ही बातमी घरी मोबाईलवरून कळू नये असं मला मनापासून वाटतं.

पायरी ६ : हजेरी, आकड्यात सांगा

"नियमित हजर राहा" याने काही होत नाही. हिशोब मांडून दाखवा. महिन्यातून दोनच दिवस सुट्टी हे काहीच वाटत नाही, पण दहा महिन्यांचे ते वीस दिवस होतात, आणि शाळा साधारण दोनशे दिवस चालते असं धरलं तर दहा टक्के शाळा बुडाली. बऱ्याच ठिकाणी हीच दहा टक्क्यांची रेषा धोक्याची मानतात. रोज दहा मिनिटं उशीर हेही तसंच, दोनशे दिवसांत दोन हजार मिनिटं, म्हणजे तेहतीस तासांच्या वर, शाळा पाच तासांची असेल तर साडेसहा दिवसांच्या वर जातात, तेही नेमके परिपाठाचे आणि पहिल्या तासाचे.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शाळांमधे यावर एक मोठा प्रयोग झाला होता, तो २०१८ मधे प्रसिद्ध झाला. पालकांना वाटत होतं त्यापेक्षा त्यांची मुलं जास्त दिवस गैरहजर होती, आणि नुसतं पत्राने "तुमचं मूल इतके दिवस आलं नाही" हा खरा आकडा वर्षात काही वेळा कळवला तर सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून जास्त कमी झालं. रागावणं नाही, दंड नाही, फक्त आकडा. पण हा आकडा ज्याचा त्यालाच, वैयक्तिक. सगळ्यांच्या पत्रात फक्त सर्वसाधारण हिशोब. आणि आजारी मुलाला हजेरीसाठी शाळेत ढकलू नका हेही त्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर ताप असलेलं मूल गोळी देऊन पाठवतात आणि दुपारी आपल्याला फोन करावा लागतो.

पायरी ७ : फोटो

फोटो पाहिजेतच, पालक पहिले तेच बघतात. पण परवानगी वर्षाच्या सुरुवातीला लेखी घ्या, आणि "नाही" म्हणणाऱ्यांची यादी फोटो काढणाऱ्याच्या हातात द्या, ऑफिसच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. नकार देणाऱ्या पालकाला कारण विचारू नका, काही घरांत ते कारण फार गंभीर असतं. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव नको, ओळखपत्र दिसत असेल तर तेवढा भाग कापा. आणि मुलालाही विचारा, लावू का हा फोटो? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलांच्या खासगीपणाचा हक्क वेगळ्या कलमात दिलाय, सोळाव्या, म्हणजे हा हक्क मुलाचा स्वतःचा आहे. मला स्वतःला चेहऱ्यांपेक्षा हातांचे आणि कामाचे फोटो आवडतात, मातीने भरलेले हात, अर्धवट रंगवलेला तक्ता. त्यात परवानगीचा प्रश्नही कमी येतो आणि काय चाललं होतं तेही जास्त कळतं.

पायरी ८ : पाठवायचं कसं

व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवणार असाल तर "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" ही सेटिंग चालू करून वेगळा सूचनांचा ग्रुप करा. गप्पांच्या ग्रुपमधे सूचना वाहून जाते. साध्या ग्रुपमधे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, हे प्रवेशाच्या वेळी पालकांना सांगून ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती यादी) वापरत असाल तर ज्यांनी शाळेचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही, म्हणून वर्षाच्या पहिल्या पालकसभेतच सगळ्यांकडून नंबर सेव्ह करून घ्या, तिथल्या तिथे.

पीडीएफ टाळा. जुन्या फोनवर उघडायला वेळ लागतो, अक्षरं बारीक दिसतात, आणि त्यातली तारीख सहज कॉपी करून कोणाला पाठवता येत नाही. साधा मजकूर पाठवा. पत्राचा फोटो तर नकोच, कारण ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून वाचून घेतात त्यांच्यासाठी तो कोरा कागद आहे.

ज्यांना वाचता येत नाही किंवा घरची भाषा वेगळी आहे अशांसाठी तेच पत्र व्हॉइस नोटमधे, दोन मिनिटांत, तुमच्या स्वतःच्या आवाजात. मी तर म्हणेन सगळ्यांनाच पाठवा, म्हणजे कोणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या मुलांच्या डायरीत छापील प्रत चिकटवा आणि एक गेटजवळच्या बोर्डावर. आई-वडील वेगळे राहत असतील तर दोघांनाही वेगळं पाठवा, मुलाला निरोप्या करू नका.

पायरी ९ : पाठवण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या

शिक्षक नसलेल्या माणसाकडून. ऑफिसमधल्या क्लार्कना किंवा मावशींना मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ते अडखळतील तिथे वाक्य बदला. वाचून झाल्यावर विचारा, यातून पालकांनी काय करायचंय? त्यांना सांगता आलं तर पाठवा.

पायरी १० : उत्तरं येतात तेव्हा

पत्राच्या शेवटी विचारायचं असेल तर कोणाला, कुठल्या वेळेत, ते स्पष्ट द्या. फोनची वेळ दिली की ती पाळा, त्या वेळेत मीटिंग लावू नका. रात्री अकराला आलेल्या मेसेजला रात्री अकरालाच उत्तर द्यायची सवय लावून घेऊ नका, पण "मिळालं, उद्या दहा वाजता बोलते" एवढं सकाळी शाळा भरायच्या आत जाऊ द्या. चिडलेल्या मेसेजला लिहून उत्तर देऊ नका, फोन लावा. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, समोरचा त्याला आपल्या रागाचा आवाज देतो.

जो प्रश्न तीन-चार पालकांनी विचारला तो त्या वहीत टिपा, याचा अर्थ पत्रात तेवढं नीट सांगितलं गेलं नव्हतं. पुढच्या पत्राची सुरुवात त्याच उत्तराने करा, "डब्याच्या वेळेबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सांगते..." पालकांना दिसतं की आपण विचारलेलं पोचतं, आणि मग जे गप्प असतात तेही हळूहळू विचारायला लागतात.

आणि गेलेलं प्रत्येक पत्र एका फाईलमधे लावून ठेवा, वर महिना लिहून. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात कुठली सूचना द्यायची असते, कुठल्या आठवड्यात तापाची साथ आली होती, पालकसभेला कुठली वेळ ठेवली तेव्हा जास्त लोक आले, हे सगळं त्यात सापडतं, आणि तुमची बदली झाली तर तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला ती फाईल चार्जच्या कागदांबरोबर आठवणीने द्या.